जागतिक तापमानवाढीचे रेषीय प्रतिमान : मांडणी, उपयोग आणि मर्यादा

या शतकाच्या अखेरीस पृथ्वीचे सरासरी तापमान किती वाढेल, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी जगातील अनेक संशोधन संस्था महासंगणकांचा वापर करतात. वातावरण, महासागर, हिमावरण आणि वनस्पती यांच्यातील देवाणघेवाण समीकरणांत मांडणाऱ्या या गणितांना पृथ्वी प्रणाली प्रतिमाने म्हणतात. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने असे प्रतिमान विकसित केले असून, हवामानबदलविषयक आंतरशासकीय मंडळाच्या, म्हणजेच आयपीसीसीच्या, सहाव्या मूल्यांकन अहवालासाठी झालेल्या आंतरराष्ट्रीय तुलनेत त्याचा समावेश होता. परंतु याच प्रश्नाचे पहिले, ढोबळ उत्तर शालेय गणितातील सरळ रेषेच्या समीकरणावरूनही मिळू शकते. त्यासाठी दहा-बारा ओळींची संगणक आज्ञावली पुरेशी असते. असे साधे प्रतिमान कसे मांडावे, त्यावर कितपत विसंबावे आणि ‘निव्वळ शून्य उत्सर्जन’ या धोरणात्मक संकल्पनेशी त्याचे नाते काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी

हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण आणि पृथ्वीचे तापमान यांचा संबंध आकड्यांत मांडण्याचा महत्त्वाचा प्रयत्न स्वीडिश शास्त्रज्ञ स्वांते अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्ये केला. हा वायू दुप्पट झाल्यास तापमान सुमारे ५ ते ६ अंश सेल्सिअसने वाढेल, असे त्यांचे हाताने केलेले गणित सांगत होते. आजच्या अंदाजाच्या तुलनेत हा आकडा मोठा असला, तरी विचाराची दिशा योग्य होती. पुढे १९५८ मध्ये चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटावरील मौना लोआ येथे या वायूचे नियमित मोजमाप सुरू केले. तेथील वार्षिक सरासरी १९६० मध्ये हवेच्या दर दहा लक्ष भागांत सुमारे ३१७ भाग होती. २०२४ मध्ये ती सुमारे ४२५ भागांवर पोहोचली. पृथ्वीच्या हवामानाचे भौतिक प्रतिमान मांडून तापमानवाढीचा विश्वासार्ह अंदाज देण्याच्या कार्यासाठी स्युकुरो मानाबे आणि क्लाउस हासेलमान यांना २०२१ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले, यावरून या विषयाचे महत्त्व ध्यानात येते.

विचलन आणि आधारकाळ

जागतिक तापमानाच्या तक्त्यांत प्रत्यक्ष तापमान सहसा दिलेले नसते. एखाद्या ठरावीक कालखंडाच्या सरासरीपेक्षा ते किती अधिक वा उणे आहे, हे दिलेले असते. या फरकास तापमान-विचलन आणि त्या कालखंडास आधारकाळ म्हणतात. डोंगरावरील केंद्र आणि किनाऱ्यावरील केंद्र यांची तापमाने भिन्न असली, तरी त्यांची विचलने बरीच सारखी असतात. म्हणून जागतिक सरासरी काढण्यासाठी विचलन हे अधिक सोयीचे माप ठरते.

परीक्षार्थींनी येथे एक काळजी घ्यावयास हवी. अमेरिकेच्या नासा संस्थेच्या नोंदीत २०२४ चे विचलन सुमारे १.२८ अंश आहे, तर जागतिक हवामान संघटनेने त्याच वर्षासाठी सुमारे १.५५ अंश हा आकडा दिला. यांत विसंगती नाही. नासाचा आधारकाळ १९५१ ते १९८० हा आहे, तर संघटनेने १८५० ते १९०० हा औद्योगिकीकरणापूर्वीच्या स्थितीचा निदर्शक काळ घेतला आहे. २०१५ च्या पॅरिस करारातील १.५ अंशांची मर्यादाही औद्योगिकीकरणापूर्वीच्या पातळीच्या संदर्भात आहे. ती एखाद्या वर्षाच्या आकड्यावरून ओलांडली गेली असे मानले जात नाही. त्यासाठी दीर्घकालीन सरासरी विचारात घेतली जाते.

रेषा मांडण्याची पद्धत

सरळ रेषेचे समीकरण असे आहे :

तापमान-विचलन = अ + (ब × काळ)

यातील ‘ब’ म्हणजे रेषेचा उतार, अर्थात तापमानवाढीचा दर, आणि ‘अ’ हा स्थिरांक होय. प्रत्यक्ष नोंदी एका रेषेत कधीच बसत नाहीत. म्हणून प्रत्येक नोंद आणि रेषा यांतील फरकाचा वर्ग करून त्या सर्व वर्गांची बेरीज कमीत कमी होईल, अशी रेषा निवडली जाते. या रीतीस लघुतम वर्ग पद्धती म्हणतात. फ्रेंच गणिती लजांद्र यांनी ती १८०५ मध्ये प्रसिद्ध केली. संख्याशास्त्रात रिग्रेशन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तंत्राचा हाच पाया आहे.

नासाच्या नोंदींवरून काढलेली पाच दशकांची सरासरी विचलने, अंश सेल्सिअसमध्ये, सुमारे पुढीलप्रमाणे आहेत :

१९७०–७९ : ०.०४
१९८०–८९ : ०.२५
१९९०–९९ : ०.३८
२०००–०९ : ०.५९
२०१०–१९ : ०.८१

मधल्या दशकाला ० हा क्रमांक दिला, तर पाच दशकांचे क्रमांक अनुक्रमे −२, −१, ०, १ आणि २ असे होतात. क्रमांकांची बेरीज शून्य येत असल्याने गणित सोपे होते. विचलनांची बेरीज २.०७, म्हणून सरासरी ०.४१४, हाच ‘अ’. आता प्रत्येक क्रमांकाला त्याच्या विचलनाने गुणून बेरीज करावी : −०.०८ − ०.२५ + ० + ०.५९ + १.६२ = १.८८. क्रमांकांच्या वर्गांची बेरीज ४ + १ + ० + १ + ४ = १०. १.८८ ला १० ने भागले असता उतार ०.१८८ मिळतो. म्हणजेच या पन्नास वर्षांत पृथ्वी दर दशकास सुमारे ०.१९ अंशाने तापत गेली.

आज्ञावलीची रचना

हेच काम वार्षिक नोंदींवर करावयाचे झाल्यास संगणकाचे साहाय्य घेणे श्रेयस्कर. भाषा पायथन असो वा अन्य कोणतीही, टप्पे तेच राहतात :

१. वर्ष आणि विचलन असे दोन स्तंभ असलेली माहिती वाचावी. काही तक्त्यांत विचलन अंशाच्या शंभराव्या भागात दिलेले असते. तसे असल्यास त्यास १०० ने भागावे.

२. अपूर्ण वर्षाची किंवा रिकाम्या जागेची नोंद वगळावी. रिकाम्या जागी शून्य मानणे ही गंभीर चूक ठरते, कारण शून्य हेही एक खरे विचलन आहे.

३. प्रत्येक वर्षातून सर्व वर्षांची सरासरी वजा करावी. तसे न केल्यास स्थिरांक इसवी सनाच्या शून्य वर्षाचे तापमान दाखवील आणि त्याला काहीच अर्थ उरणार नाही.

४. वर्षाचा फरक आणि विचलन यांचे गुणाकार, तसेच वर्षांच्या फरकांचे वर्ग, यांच्या दोन बेरजा करून पहिलीला दुसरीने भागावे. हा उतार होय.

५. काही वर्षे मुद्दाम बाजूला ठेवावीत, उरलेल्या वर्षांवर रेषा बसवावी आणि बाजूला ठेवलेल्या वर्षांचे भाकीत प्रत्यक्ष नोंदीशी ताडून पाहावे.

शेवटचा टप्पा अनेकदा गाळला जातो; प्रतिमानाची खरी परीक्षा मात्र तेथेच होते. जी माहिती वापरून रेषा काढली, तिच्याशीच ती जुळते असे सांगण्यात फारसे विशेष नाही. वरील पाच दशकांच्या रेषेबाबत जुळणीचा निदर्शक, म्हणजे निर्धारण गुणांक, ०.९९ इतका येतो. परंतु दहा वर्षांची सरासरी घेताना वार्षिक चढउतार आधीच पुसले गेले आहेत. त्यामुळे या मोठ्या आकड्याने भारावून जाण्याचे कारण नाही.

पुढची आणि मागची परीक्षा

ही रेषा २०२० ते २०२४ या पाच वर्षांसाठी सरासरी ०.९३ अंश विचलनाचे भाकीत करते. प्रत्यक्ष सरासरी सुमारे १.०४ अंश राहिली. अंदाज फारसा चुकला नाही, पण तो कमी पडला. २०२३–२४ मधील एल निनो हे त्याचे एक कारण होते. शिवाय १ जानेवारी २०२० पासून जागतिक नौवहनाच्या इंधनातील गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आणली गेली. गंधकाचे सूक्ष्म कण सूर्यप्रकाश परतवून थोडा गारवा राखतात. ते घटल्याने काही तापमानवाढ उघडी पडली, असे संशोधक मानतात. तापण्याचा वेग वाढला आहे काय, याचा निर्णय केवळ पाच वर्षांवरून करता येत नाही.

आता हीच रेषा मागे नेऊन पाहू. १९०० ते १९०९ या दशकाचा क्रमांक −९ येतो. रेषेनुसार त्या दशकाचे विचलन ०.४१४ − (९ × ०.१८८), म्हणजे सुमारे −१.२८ अंश असावयास हवे. नोंदीत ते सुमारे −०.३ अंश आहे. ही चूक जवळजवळ एका अंशाची आहे. पन्नास वर्षांशी इतकी तंतोतंत जुळणारी रेषा त्यापूर्वीच्या काळात पूर्णतः फसते. याचे कारण असे की, वर्ष उलटल्याने पृथ्वी तापत नाही. ती हरितगृह वायूंमुळे तापते. विसाव्या शतकाच्या आरंभी या वायूंचे उत्सर्जन आजच्या तुलनेत फार थोडे होते.

दोन टोके जोडण्यातील फसगत

रेषा बसवणे आणि दोन बिंदू जोडणे यांत भेद आहे. १९९८ मध्ये तीव्र एल निनोमुळे विचलन सुमारे ०.६१ अंशावर गेले. २००८ मध्ये ते सुमारे ०.५४ अंश होते. केवळ ही दोन वर्षे पाहून ‘तापमानवाढ थांबली’ असा निष्कर्ष त्या काळी काढला जात असे. परंतु १९९८ ते २००८ या अकराही वर्षांच्या नोंदींवर लघुतम वर्ग पद्धतीने रेषा बसवली, तर तिचा उतार दशकास सुमारे ०.१६ अंश असा चढताच येतो. असाधारण उष्ण वर्षापासून मोजणी सुरू करणे ही फसगत होय. १९९१ मधील पिनाटुबो ज्वालामुखीच्या उद्रेकानंतर आलेल्या थंड वर्षांपासून मोजणी सुरू केल्यास उलट प्रकारची फसगत होईल. यासाठी कालखंड निदान तीस वर्षांचा घ्यावा, हा हवामानशास्त्रातील संकेत पाळणे इष्ट होय.

मोसमी पावसाच्या अंदाजाचा अनुभव

संख्याशास्त्रीय संबंधावर किती विसंबावे, याचा बोध भारताच्या हवामानविषयक इतिहासातही आहे. १९०४ मध्ये भारतीय वेधशाळांचे प्रमुख झालेले गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरच्या नोंदींतील सहसंबंध तपासून मोसमी पावसाच्या अंदाजाची समीकरणे मांडली. त्याच शोधातून ‘दक्षिणी आंदोलन’ या महत्त्वाच्या घटनेचे आकलन झाले. भारतीय हवामानशास्त्र विभागाने १९८८ पासून सोळा घटकांवर आधारित रिग्रेशन प्रतिमान वापरले. २००२ मध्ये मात्र सर्वसाधारण पावसाचा अंदाज असताना देशात सरासरीच्या ८१ टक्केच पाऊस पडला आणि तीव्र दुष्काळाला तोंड द्यावे लागले. त्यानंतर २००३ मध्ये विभागाने नवी प्रतिमाने स्वीकारली. काही घटकांचा पावसाशी असलेला संबंध कालांतराने क्षीण झाला होता. ज्या संबंधामागील कार्यकारणभाव पक्का ठाऊक नाही, तो उद्याही टिकेल याची शाश्वती देता येत नाही.

काळाऐवजी उत्सर्जन

तापमानाचे रेषीय प्रतिमान या दोषातून सोडवता येते. त्यासाठी रेषा तीच ठेवून आडव्या अक्षावरील राशी बदलावी लागते. वर्षाच्या जागी आजवरच्या एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनाची बेरीज, म्हणजेच संचित उत्सर्जन, मांडावे. तापमानवाढ ही संचित उत्सर्जनाच्या जवळजवळ समप्रमाणात असते, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले आणि आयपीसीसीच्या पाचव्या अहवालाने २०१३ मध्ये त्याला ठळक स्थान दिले.

हे समप्रमाण योगायोगाने येत नाही. हवेतील वायूचे प्रमाण वाढत जाते, तसा त्याच्या प्रत्येक नव्या टनाचा उष्णता रोखण्याचा परिणाम थोडा घटतो. दुसरीकडे, महासागर आणि अरण्ये यांची वायू शोषण्याची क्षमताही घटत जाते, त्यामुळे प्रत्येक नव्या टनाचा अधिक भाग हवेत राहतो. हे दोन परिणाम एकमेकांस बऱ्याच अंशी तोलून धरतात आणि त्यांतून सरळ रेषा निष्पन्न होते.

आयपीसीसीच्या सहाव्या अहवालानुसार दर १,००० अब्ज टन कार्बन डायऑक्साइडमागे तापमान सुमारे ०.४५ अंशाने वाढते. संभाव्य मर्यादा ०.२७ ते ०.६३ अंश अशी आहे. १८५० ते २०१९ या काळातील संचित उत्सर्जन सुमारे २,३९० अब्ज टन होते. गुणाकार केल्यास १.०८ अंश येतात. २०१० ते २०१९ या दशकासाठी मानवनिर्मित तापमानवाढीचा अहवालातील अंदाज सुमारे १.०७ अंश आहे. येथे एक खुलासा आवश्यक आहे. ०.४५ हा आकडा केवळ कार्बन डायऑक्साइडचा आहे. मिथेनसारखे अन्य वायू तापमान वाढवतात, तर हवेतील सूक्ष्म कण ते घटवतात. या दोहोंनी एकमेकांस बरेचसे खोडून काढले आहे, म्हणून दोन्ही आकडे इतके जवळ दिसतात. ही तोलणी पुढेही तशीच राहील, असे गृहीत धरता येत नाही.

या रेषेमुळे पहिल्या रेषेचेही रहस्य उलगडते. अलीकडच्या वर्षांत जगाचे वार्षिक उत्सर्जन सुमारे ४० अब्ज टन आहे. त्याला ०.४५ ने गुणून १,००० ने भागल्यास वर्षाला ०.०१८, म्हणजे दशकाला ०.१८ अंश येतात. काळावर बसवलेल्या रेषेचा उतार ०.१८८ होता. तात्पर्य, काळावरील रेषा पुढे वाढवणे म्हणजे उत्सर्जन आहे तसेच चालू राहील, असे न सांगता गृहीत धरणे होय.

धोरणाच्या दृष्टीने अर्थ

काळावरील रेषेला शतकाअखेरीचा आकडा विचारला, तर ती एकच उत्तर देते. आयपीसीसीच्या सहाव्या अहवालात मात्र २०८१ ते २१०० या काळासाठी, १८५०–१९०० च्या तुलनेत, अत्यल्प उत्सर्जनाच्या मार्गावर सुमारे १.४ अंश, मध्यम उत्सर्जनाच्या मार्गावर २.७ अंश आणि अत्युच्च उत्सर्जनाच्या मार्गावर ४.४ अंश असे अंदाज आहेत. वर्षे तीच आहेत. फरक पडतो तो मानवी निर्णयांमुळे.

‘निव्वळ शून्य’ या संकल्पनेचे गणितही याच रेषेत आहे. वार्षिक उत्सर्जन निम्मे केले, तरी संचित उत्सर्जनाची बेरीज वाढतच राहते आणि त्यासोबत तापमानही. केवळ वाढीचा वेग निम्मा होतो. बेरीज थांबण्यासाठी हवेत सोडलेला आणि हवेतून काढून घेतलेला कार्बन डायऑक्साइड समान व्हावा लागतो. ‘कार्बन अंदाजपत्रक’ ही कल्पनाही येथूनच येते. १.५ अंशांची मर्यादा पाळण्याची ५० टक्के शक्यता राखावयाची, तर २०२० च्या आरंभापासून जगाकडे सुमारे ५०० अब्ज टनांची शिल्लक होती. वर्षाला ४० अब्ज टन या दराने २०२४ अखेर त्यातील २०० अब्ज टन खर्ची पडले. नंतरच्या अंदाजांत उरलेली शिल्लक साध्या वजाबाकीपेक्षाही कमी ठरली आहे.

भारताच्या दृष्टीने हा विषय दूरचा नाही. भूविज्ञान मंत्रालयाच्या २०२० मधील मूल्यांकनानुसार १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. १९०१ पासूनच्या नोंदींत २०२४ हे वर्ष देशात सर्वाधिक उष्ण ठरले. त्याचे विचलन १९९१–२०२० च्या तुलनेत ०.६५ अंश होते. २०२१ मध्ये ग्लासगो येथील परिषदेत भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन गाठण्याचे जाहीर केले. २०२२ मध्ये सुधारित केलेल्या उद्दिष्टांत २०३० पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाची उत्सर्जन-तीव्रता २००५ च्या तुलनेत ४५ टक्क्यांनी घटवण्याचा समावेश आहे. उत्सर्जन-तीव्रता आणि उत्सर्जन या भिन्न राशी आहेत, हे परीक्षार्थींनी ध्यानात ठेवावे. अर्थव्यवस्था वेगाने वाढत असताना तीव्रता घटूनही एकूण उत्सर्जन वाढू शकते. संचित उत्सर्जनावरील रेषा आणखी एक गोष्ट दाखवते : आजच्या तापमानवाढीत गेल्या शतकातील टनांचाही वाटा आहे. हवामान वाटाघाटींत भारत ऐतिहासिक उत्तरदायित्वाचा आणि दरडोई उत्सर्जनाचा आग्रह धरतो, त्यामागील शास्त्रीय आधार हाच आहे.

समारोप

रेषीय प्रतिमान सोपे असल्यामुळे ते त्याज्य ठरत नाही, तसेच ते नोंदींशी जुळते म्हणून विश्वासार्हही ठरत नाही. आडव्या अक्षावर काय मांडले आहे, ते खरोखर कारण आहे काय, कालखंड कसा निवडला आणि न वापरलेल्या नोंदींवर प्रतिमानाची परीक्षा झाली काय, हे चार प्रश्न कोणत्याही भाकितास विचारावेत. प्रदेशनिहाय पाऊस, उष्णतेच्या लाटा, चक्रीवादळे किंवा समुद्रपातळी यांविषयी एक रेषा काही सांगू शकत नाही. त्यासाठी पृथ्वी प्रणाली प्रतिमानांना पर्याय नाही. मात्र एकूण तापमान कोणत्या राशीवर अवलंबून आहे आणि ते थांबवण्यासाठी काय करावे लागेल, हे ती स्पष्टपणे सांगते. वर दिलेल्या पाच दशकांच्या आकड्यांवर विद्यार्थ्यांनी हे गणित एकदा स्वतः हाताने करून पाहावे आणि मग आज्ञावली लिहावी. संगणकाने दिलेले उत्तर तपासण्याची सवय त्यातूनच लागेल.